क्रूझचं जहाज निवडताना: आधी बंदरं, मग जहाज, मग केबिन

क्रूझ ठरवताना बहुतेक जण भाडं बघतात आणि जहाजाचे फोटो बघतात. फोटोतला पोहण्याचा तलाव नेहमी रिकामा असतो. परत आल्यावरच्या तक्रारी ऐकल्या की वेगळंच चित्र दिसतं: अर्धा दिवस रांगेत गेला, व्हेनिस म्हणून पैसे भरले आणि उतरलो दोन तास लांब, मुलं तिसऱ्याच दिवशी कंटाळली, पहाटे डोक्यावर खुर्च्या सरकत होत्या. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बुकिंगच्या आधी कळू शकते, कारण ती जहाजाच्या आकारातून आणि बांधणीतून येते. म्हणून बघण्याचा क्रम उलटा करा. आधी कुठे उतरायचं आहे ते, मग जहाज, मग केबिन. भाडं सगळ्यात शेवटी.

पायरी १: जहाज कुठे लागतं ते तपासा

जहाज जितकं मोठं, तितकी त्याला लागू शकणारी बंदरं कमी. पाण्याची खोली, पुलांची उंची, कालव्याची रुंदी आणि स्थानिक कायदे या सगळ्यांचा यात हात असतो. व्हेनिसचं उदाहरण घ्या. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० ग्रॉस टनांपेक्षा (हे जहाजाच्या आकाराचं माप, पायरी ३ मध्ये बघू) मोठं, १८० मीटरपेक्षा लांब किंवा पाण्यावर ३५ मीटरपेक्षा उंच जहाज तिथल्या ज्युडेका कालव्यातून जाऊ शकत नाही. तरीही मोठ्या जहाजांच्या वेळापत्रकात ‘व्हेनिस’ दिसतंच. पुढे बारीक अक्षरात मार्गेरा, रावेन्ना किंवा त्रिएस्ते लिहिलेलं असतं. मार्गेरा शहराजवळ आहे. रावेन्ना आणि त्रिएस्ते मात्र रस्त्याने सुमारे दोन तासांवर.

रोम म्हणजे चिविताव्हेक्किया, साधारण ७०-८० किलोमीटर. पॅरिस म्हणजे ल हाव्र, तिथून बसने अडीच तास तरी. बर्लिन म्हणजे वार्नेम्युंडे, तीन तास. वेळापत्रकातलं शहराचं नाव वाचून थांबू नका. बंदराचं नाव शोधा आणि तिथून शहराच्या मध्यापर्यंतचं अंतर नकाशावर मोजा.

याउलट लहान जहाज नदीतून आत शिरू शकतं. स्पेनमधल्या ग्वादाल्किव्हिर नदीतून सेव्हिलपर्यंत लहान समुद्री जहाजं जातात. ग्रीसमधला कोरिंथ कालवा अवघा २४ मीटर रुंद. २०१९ मध्ये २२.५ मीटर रुंदीचं ‘ब्रेमर’ हे जहाज त्यातून गेलं तेव्हा दोन्ही बाजूंचे कडे हाताच्या अंतरावर आल्यासारखे वाटत होते. जर्मनीतल्या किल कालव्यावरच्या पुलांमुळे ४० मीटरपेक्षा उंच जहाजाला तिथे वाट नाही.

निसर्ग बघायला जाणाऱ्यांसाठी आकाराचा प्रश्न आणखी कडक आहे. गालापागोस बेटांत एका जहाजावर जास्तीत जास्त १०० प्रवासी चालतात. अंटार्क्टिकात ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजावरून कुणालाच किनाऱ्यावर उतरता येत नाही, आणि एका ठिकाणी एका वेळी १०० माणसांच्या वर उतरवत नाहीत. याचा सरळ अर्थ असा की ४५० प्रवाशांच्या जहाजावर तुमची पाळी पाचांतली एक. १०० प्रवाशांच्या जहाजावर सगळे एकदम उतरतात. २०० चं जहाज बहुधा निम्म्यांना उतरवतं आणि उरलेल्यांना रबरी होड्यांतून हिमनगांभोवती फिरवतं, मग अदलाबदल. अंटार्क्टिकासाठी जहाज निवडताना जेवण, केबिन, स्पा सगळं बाजूला ठेवून आधी हा एक आकडा विचारा. नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांच्या संरक्षित भागांतही २०२५ पासून २०० प्रवाशांची मर्यादा आहे.

त्या दिवशी बंदरात आणखी किती जहाजं असणार आहेत, हेही बघा. बहुतेक बंदरं आपलं वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी जाहीर करतात. क्रोएशियातल्या डुब्रॉव्हनिकने एका वेळी दोन जहाजांची मर्यादा घातली आहे आणि अलास्कातल्या जूनोने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची. जूनोतली पाच जहाजं म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास पाहुणे सहज होतात. तुमचं स्वतःचं जहाज लहान असलं तरी या गर्दीतून सुटका नाही.

पायरी २: धक्का की टेंडर

जहाज धक्क्याला लागत नसेल तर ते खोल पाण्यात नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. या होड्यांना टेंडर म्हणतात. बऱ्याचदा त्या जहाजाच्या जीवरक्षक होड्याच असतात. वेळापत्रकात अशा बंदरापुढे नांगराचं चिन्ह किंवा ‘टेंडर’ हा शब्द असतो. सांतोरिनी, कान, ग्रँड केमन ही नेहमीची टेंडर बंदरं.

इथे मोठ्या आणि लहान जहाजातला फरक हिशेबात पकडता येतो. एका होडीत १०० माणसं, भरून जाऊन परत यायला ४० मिनिटं असं धरा. म्हणजे एक होडी तासाला दीड फेरी मारते, १५० माणसं नेते. चार होड्या असतील तर तासाला ६००. तीन हजार प्रवाशांना उतरवायला पाच तास लागले. सहाशे प्रवाशांच्या जहाजाला दोन होड्यांत दोन तास पुरतात. बंदरातला मुक्काम सकाळी ८ ते संध्याकाळी ५ असेल, तर सरकारी परवानगी येईपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो आणि निघण्याआधी अर्धा ते एक तास सगळ्यांनी परत यायचं असतं. कागदावरच्या नऊ तासांचे साडेसात उरतात, आणि त्यातूनही रांग वजा होते.

मोठ्या जहाजावर टेंडरसाठी क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात. आधी सूटमधले (मोठ्या, महागड्या केबिनमधले) प्रवासी आणि जहाजाची सहल घेतलेले लोक, मग बाकीचे. त्यामुळे टेंडर बंदरात स्वतःच्या भरवशावर फिरायचं असेल तर सकाळी १० ची बाहेरची सहल ठरवून ठेवू नका; ती हुकते. एकतर जहाजाचीच सहल घ्या, नाहीतर सरळ अकरानंतर निघा, तेव्हा चिठ्ठ्या बंद होऊन थेट होडीत बसता येतं. सांतोरिनीत तर होडीतून उतरल्यावर खरी कोंडी पुढे असते: जुन्या बंदरातून वरच्या ‘फिरा’ नावाच्या गावात जायला केबल कार, खेचर किंवा ५८८ पायऱ्या. मोठी दोन-तीन जहाजं एकदम आली की केबल कारची रांग धक्क्यापर्यंत येते.

होडीत चढताना जहाजाच्या कुशीतलं एक दार उघडतात, खाली फळी असते, आणि पलीकडे होडी लाटेबरोबर वरखाली होत असते. दोन खलाशी तुमचं कोपर धरतात, होडी वर आली की ‘आता’ म्हणतात आणि तुम्ही पाऊल टाकता. गुडघे दुखत असतील, तोल जात असेल किंवा चाकाची खुर्ची असेल तर हा क्षण अवघड आहे. जड विजेच्या खुर्च्या टेंडरवर बहुधा घेतच नाहीत. अशा प्रवाशाने जास्तीत जास्त धक्क्याची बंदरं असलेला मार्ग निवडावा, मग जहाज कुठलंही चालेल. लाट जास्त असेल तर कप्तान ते बंदरच रद्द करतो. तुम्हाला फार तर बंदर कर परत मिळतो.

पायरी ३: गर्दीचा आकडा स्वतः काढा

जहाजाच्या माहितीत ‘ग्रॉस टनेज’ हा आकडा असतो. नावात टन असला तरी ते वजन नव्हे, जहाजातल्या बंदिस्त जागेचं माप आहे. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागा. येणारं उत्तर म्हणजे दरडोई जागा.

काही जहाजांचा हिशेब असा येतो. ‘कार्निव्हल व्हिस्टा’: साधारण १,३३,५०० भागिले ३,९३४, उत्तर ३४. ‘आयकॉन ऑफ द सीज’: २,४८,६६३ भागिले ५,६१०, उत्तर ४४. ‘व्हायकिंग स्टार’: सुमारे ४७,८०० भागिले ९३०, उत्तर ५१. ‘सेव्हन सीज एक्स्प्लोरर’: सुमारे ५५,००० भागिले ७५०, उत्तर ७३-७४. ढोबळमानाने तीस-पस्तीसला रांगा जाणवतात, पंचेचाळीसच्या पुढे मोकळं वाटायला लागतं, साठच्या वर जिन्यात माणूस भेटला तर ओळख काढावीशी वाटते.

भागाकार करताना एक चूक हटकून होते. कंपन्या प्रवासीसंख्या दोन प्रकारे सांगतात: प्रत्येक केबिनमध्ये दोघे धरून, आणि सोफा-कम-बेड, वरच्या बर्थ असं सगळं भरून. वर ‘आयकॉन’चा आकडा दोघे धरून काढला. ते जहाज पूर्ण भरलं तर सुमारे ७,६०० प्रवासी मावतात, आणि मग ४४ चे ३३ होतात. शाळांना सुट्ट्या असल्या की कुटुंबं येतात आणि तिसऱ्या-चौथ्या बर्थ भरतात. एकच जहाज ऐन सुट्टीत आणि सुट्ट्या संपल्यावर दोन वेगळी जहाजं वाटतात, ती यामुळे. शांतता हवी असेल तर कधीकधी जहाज बदलण्यापेक्षा आठवडा बदलणं सोपं आणि स्वस्त पडतं.

हा आकडा आंधळेपणाने वापरू नका. लहान जहाजात इंजिन, स्वयंपाकघर, कर्मचाऱ्यांच्या खोल्या यांचा वाटा तुलनेने जास्त असतो, त्यामुळे २०० प्रवाशांच्या जहाजाचा ४५ आणि ५,००० च्या जहाजाचा ४५ सारखे नसतात. काही मोठ्या जहाजांवर सूटवाल्यांसाठी वेगळा तलाव, वेगळं उपाहारगृह, वेगळा डेक असतो. ती जागा भागाकारात धरली जाते, पण साध्या केबिनच्या प्रवाशाला तिथे प्रवेश नसतो. म्हणून तुलना साधारण एकाच आकाराच्या जहाजांत करा.

दुसरा भागाकार सेवेचा: प्रवासी भागिले कर्मचारी. ‘आयकॉन’वर सुमारे २,३५० कर्मचारी, म्हणजे एका कर्मचाऱ्यामागे २.४ प्रवासी. ‘एक्स्प्लोरर’वर सुमारे ५५०, म्हणजे १.४ च्या आत. तिसऱ्या दिवशी वेटरला तुमची चहाची सवय ठाऊक असते की नाही, ते बरंचसं इथे ठरतं.

पायरी ४: बोट लागत असेल तर

लांब जहाज एका वेळी अनेक लाटांवर टेकलेलं असतं, म्हणून ते कमी हलतं. लहान जहाज प्रत्येक लाट चढतं-उतरतं. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कमी सांगितलं जातं. जहाजाच्या पोटाशी दोन्ही बाजूंना स्टॅबिलायझर नावाचे पंख असतात, ते जहाजाचं डावी-उजवीकडे डोलणं कमी करतात. समोरून लाट आली की जहाजाचं नाक वरखाली होतं, त्यावर या पंखांचा काही उपाय चालत नाही. आणि नेहमीच्या पंखांना काम करायला जहाजाचा वेग लागतो. जहाज नांगरावर उभं असताना त्यांचा फारसा उपयोग नसतो. त्यामुळे ‘जहाजाला स्टॅबिलायझर आहेत’ या उत्तरावर निर्धास्त होऊ नका; तसे ते बहुतेक सगळ्याच समुद्री जहाजांना असतात.

मोठ्या जहाजाचाही एक तोटा आहे. वीस मजल्यांची सपाट भिंत वारा धरते. जोराच्या वाऱ्यात अरुंद बंदरात शिरणं धोक्याचं असतं, म्हणून बंदर वगळलं जातं. कमी उंचीचं जहाज अशा दिवशीही कधीकधी आत जाऊन लागतं.

अटलांटिक सरळ ओलांडायचा असेल तर ‘क्वीन मेरी २’ हे त्यासाठीच बांधलेलं लायनर आहे. २००४ पासून चालणारं, ३४५ मीटर लांब. टोकदार लांब नाळ (जहाजाचं पुढचं टोक), सुमारे १० मीटर पाण्यात बुडालेला तळ, जाड पोलाद आणि उंचावर बसवलेल्या जीवरक्षक होड्या. साउदम्प्टन ते न्यूयॉर्क साधारण सात रात्री, मध्ये एकही बंदर नाही. ज्याला समुद्राचाच प्रवास हवा आहे त्याच्यासाठी हे उत्तम. ज्याला रोज नवं गाव हवं त्याने यात पडू नये. ड्रेक पॅसेज (दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला समुद्र), बिस्केचा उपसागर किंवा हिवाळ्यातला उत्तर अटलांटिक मार्गात असेल, तर बोट लागणाऱ्याने जहाजाच्या मधोमध, पाण्याच्या जवळच्या डेकवर केबिन घ्यावी. जहाज मधल्या आसाभोवती झुलतं; टोकाला आणि वर गेलात की झोका मोठा होतो. उंचावरचा पुढच्या टोकाचा महागडा सूट बोट लागणाऱ्यासाठी सगळ्यात वाईट जागा आहे.

पायरी ५: जहाजाचा स्वभाव

आकार कळला तरी स्वभाव वेगळा कळून घ्यावा लागतो. चार-पाच हजारांच्या जहाजावर घसरगुंड्या, नाट्यगृह, वयोगटांनुसार मुलांचे क्लब आणि दहा-पंधरा खाण्याच्या जागा असतात. किशोरवयीन मुलं सोबत असतील तर असंच जहाज घ्या, त्यांना आपल्या वयाचे सोबती लगेच मिळतात. सहाशेच्या जहाजावर संध्याकाळी एखादा पियानो, एखादं व्याख्यान, आणि दहाला सामसूम. हे ज्यांना सुख वाटतं त्यांनाच ते सुख आहे. व्हायकिंगसारख्या काही कंपन्यांच्या समुद्री जहाजांवर १८ वर्षांखालचे प्रवासी घेतच नाहीत आणि कॅसिनोही नसतो.

दोन ते तीन हजारांच्या मधल्या आकाराला फार कुणी भाव देत नाही, पण तीन पिढ्यांच्या कुटुंबाला आमच्या मते तोच बरा. आजी-आजोबांना चालायचं अंतर झेपतं, मुलांना करायला पुरेसं असतं. साडेतीनशे मीटरच्या जहाजावर मागच्या केबिनमधून पुढच्या नाट्यगृहात जाऊन यायचं म्हणजे सहा-सातशे मीटर चाल, आणि दिवसातून तीन-चार वेळा.

दवाखाना सगळ्याच जहाजांवर असतो. मोठ्यावर दोन-तीन डॉक्टर आणि एक्स-रे, लहानावर बहुधा एकच डॉक्टर. गरोदर स्त्रीचे २४ आठवडे प्रवासाच्या कुठल्याही दिवशी पूर्ण होत असतील तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. तान्ह्या बाळासाठी साधारण सहा महिन्यांची अट असते, समुद्रातले सलग दिवस जास्त असतील तर बारा महिन्यांची.

शिडाच्या जहाजांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. २००० साली आलेल्या ‘रॉयल क्लिपर’ला पाच डोलकाठ्या आणि ४२ शिडं आहेत, प्रवासी फक्त २२७. शिडं उभारताना डेकवर उभं राहून बघायला मिळतं. केबिन छोट्या, आणि वारा भरला की जहाज एका बाजूला कलतं. ग्लास टेबलाच्या मधोमध ठेवायची सवय लावून घ्यावी लागते.

नदीवरची जहाजं म्हणजे वेगळाच प्रकार. ऱ्हाईन-डॅन्यूबवर ती बहुधा १३५ मीटरपर्यंत लांब आणि ११.४ मीटर रुंद असतात; रुंदी पाणलॉकमुळे, म्हणजे जहाज वरखाली नेणाऱ्या दारांच्या हौदांमुळे, अडते. प्रवासी दोनशेच्या आत. बोट लागत नाही, जहाज बहुधा गावाच्या मध्यावर लागतं. अडचण पाण्याच्या पातळीची: उन्हाळा-शरदात पाणी उतरलं की ऱ्हाईनवर काउबजवळचा उथळ पट्टा अडवतो, पुरात पुलाखालून जाता येत नाही. मग प्रवास बसमधून होतो. गर्दीच्या धक्क्यावर दोन-तीन जहाजं एकमेकांना खेटून उभी राहतात, आणि तुमच्या महागड्या बाल्कनीसमोर दुसऱ्याची बाल्कनी येते. त्यामुळे इथे बाल्कनीवर फार खर्च करण्यात अर्थ नाही.

पायरी ६: डेक प्लॅन उघडून केबिन निवडा

डेक प्लॅन मोठा करून बघा. तुमच्या केबिनच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे? दोन्हीकडे केबिन असतील तर निश्चिंत. वर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज. खाली नाट्यगृह किंवा नाचाची जागा असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोलाचे ठोके. प्लॅनवर कोरा पांढरा चौकोन दिसला तर ती बहुधा कर्मचाऱ्यांची जागा, ट्रॉल्यांचा खडखडाट. अगदी पुढच्या खालच्या केबिनमध्ये टेंडर बंदराच्या सकाळी नांगराची साखळी सुटल्याचा आवाज झोपेतून उठवतो; अगदी मागे कंपनं जाणवतात. शेजारच्या खोलीत उघडणारं दार असलेली केबिन, पलीकडे ओळखीचं कुणी नसेल तर टाळा.

‘दृश्यात अडथळा’ असं लिहिलेलं असेल तर खिडकीसमोर जीवरक्षक होडी असते. ‘गॅरंटी’ केबिन स्वस्त मिळते, पण जागा कंपनी ठरवते. बोट लागणाऱ्याने किंवा हलकी झोप असणाऱ्याने ती घेऊ नये.

पायरी ७: आता भाडं

दोन जहाजांच्या भाड्याची थेट तुलना फसवी असते. प्रत्येकाखाली हे लिहा: दोघांत एक केबिन धरून दरडोई भाडं, बंदर शुल्क आणि कर, रोजची सक्तीची टिप, पेयं, इंटरनेट, वेगळे पैसे पडणारी उपाहारगृहं, प्रत्येक बंदरातली सहल, आणि बंदरापासून शहरापर्यंतची गाडी. बेरजेला रात्रींच्या संख्येने भागा. लहान महागड्या जहाजाच्या भाड्यात यातलं बरंचसं आधीच धरलेलं असतं, त्यामुळे जाहिरातीत तिप्पट दिसणारा फरक कागदावर बराच खाली येतो. तुम्ही दारू घेत नसाल आणि सहली स्वतः करत असाल, तर मात्र तो फरक खरा आहे. पेयांचं पॅकेज घेताना नियम वाचा: बऱ्याच कंपन्या एकाने घेतलं की त्याच केबिनमधल्या प्रत्येक प्रौढाला घ्यायला लावतात. एकट्याने जाणाऱ्याला केबिनचं दुप्पट भाडंही पडू शकतं, म्हणून एकट्यासाठी बांधलेल्या केबिन असलेलं जहाज आधी शोधा.

पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागून घ्या: प्रत्येक बंदराचं नेमकं नाव, तिथे धक्का आहे की टेंडर, आणि जहाज शेवटचं दुरुस्तीला कधी गेलं होतं. विम्यात जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, ते बघा. उरलेली रक्कम भरायची तारीख आली की वेळापत्रक पुन्हा एकदा उघडा. अधूनमधून जहाज किंवा बंदर बदललेलं असतं, आणि त्या तारखेपर्यंतच बहुतेक ठिकाणी कमी नुकसानीत बुकिंग रद्द करता येतं.